घटसर्पाचा ताप आणि पडद्यामागचे हार्मोन

मृगाचा पाऊस परभणी जिल्ह्यावर उतरला की पशुवैद्यकाचा फोन रात्री-अपरात्री वाजायला लागतो. जिंतूर असो, पालम असो की सोनपेठ, तक्रार साधारण सारखीच असते. "साहेब, म्हैस संध्याकाळी चांगली दूध देऊन बसली होती. आता गळा सुजलाय न् घरघर करायली." पुढचं मालक न विचारता सांगतो, "अंगाला हात लावला तर चटका बसायलाय."

हा घटसर्प. लहान मुलांना होणाऱ्या घटसर्पाशी याचं नातं नाही. गुरांच्या घटसर्पामागे पाश्चुरेला मल्टोसिडा नावाचा जिवाणू असतो. म्हशीला तो गाईपेक्षा लवकर धरतो. थर्मामीटर 106-107 फॅरनहाइट दाखवतो, नाकातोंडातून लाळ गळते, गळ्याखाली सूज उतरते आणि कित्येकदा चोवीस तासांत दावं रिकामं होतं. लक्षणं पूर्ण दिसल्यावर उपचाराला यश क्वचितच येतं.

या रोगाचं पुस्तकी वर्णन कुठेही वाचायला मिळेल. इथे सांगायचं आहे ते गोठ्यात आणि प्रयोगशाळेत आम्हा पशुवैद्यकांच्या बोलण्यात येणारं, पण मालकापर्यंत न पोचणारं. ताप किती चढणार, कधी चढणारच नाही, सूज कुठे थांबणार, यात जिवाणूइतकाच हात जनावराच्या स्वतःच्या हार्मोनचा असतो. परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांना हे धडे वेगवेगळ्या विषयांत विखुरलेले मिळतात. ते एकत्र जुळतात ते गोठ्यात, बॅटरीच्या उजेडात.

जिवाणू आधीपासून घरातच

मालकाचा पहिला प्रश्न असतो, "रोग आला कुठून? आमची म्हैस तर बाजारात गेली नव्हती." आणि तो खरं बोलत असतो. श्रीलंकेतले संशोधक डी अल्विस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की घटसर्पाचा जिवाणू धडधाकट दिसणाऱ्या म्हशींच्या टॉन्सिलमध्ये दबा धरून राहतो. म्हैस खाते-पिते, दूध देते आणि जिवाणू गप्प असतो. मग एखाद्या आठवड्यात तो बाहेर पडतो आणि शेजारच्या दावणीलाही पोचतो.

तो आठवडा कोणता, हे आपल्याकडे कोणीही सांगेल. उन्हाळाभर कडब्यावर आणि कमी पाण्यावर काढलेलं जनावर जूनमध्ये एकाएकी पावसात भिजतं. गोठ्यात चिखल होतो. बैल महिनाभर बसून असतो आणि पेरणी आली की दिवसभर तिफणीला जुंपला जातो. उपास, भिजणं, अतिश्रम, टेम्पोतून लांबचा प्रवास, या सगळ्यांना शरीर एकच उत्तर देतं. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी निरोप पाठवते आणि मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. अंगातली साखर वाढवून तात्पुरती ताकद देणं हे त्याचं एक काम. प्रतिकारशक्तीच्या पेशींना आवर घालणं हे दुसरं. जनावर दिवसचे दिवस ताणाखाली राहिलं तर हा आवर इतका घट्ट होतो की टॉन्सिलमधल्या पाहुण्यावर पहारा उरत नाही.

याच जिवाणूने मे 2015 मध्ये कझाकस्तानच्या गवताळ मैदानात जगाला हादरवलं. सैगा जातीची हरणं विण्यासाठी एकत्र जमली होती. तीन आठवड्यांत दोन लाखांहून अधिक हरणं मेली. शास्त्रज्ञ गेले तेव्हा त्यांना विष सापडलं नाही, नवा विषाणूही सापडला नाही. सापडला तो आपला घटसर्प. त्या दिवसांत हवेतला ओलावा आणि उष्मा नेहमीपेक्षा बराच जास्त होता, आणि आधीच्या सामूहिक मृत्यूंच्या वेळीही हवामान असंच होतं, हे नोंदींतून पुढे आलं. एरवी निरुपद्रवी राहणारा जिवाणू हवामान फिरल्यावर कळपच्या कळप संपवू शकतो. मराठवाड्यातल्या मृगाच्या आठवड्याकडे मी तेव्हापासून जास्त धास्तीने पाहतो.

अशुद्ध अर्काची देणगी

ताणाचं हे गणित सापडलं तो किस्सा आमच्या पिढीने वर्गात ऐकला. 1930च्या दशकात मॉन्ट्रियलमध्ये हान्स सेल्ये नावाचा तरुण संशोधक उंदरांना गाईच्या अंडाशयाचे अर्क टोचत होता. त्याला नवा हार्मोन शोधायचा होता. उंदीर फाडून पाहिले तर अधिवृक्क ग्रंथी फुगलेल्या, छातीतली थायमस ग्रंथी आकसलेली आणि जठरात व्रण. सेल्येला वाटलं, हार्मोन सापडला. पण इतर अवयवांचे अर्क दिले तरी तेच घडलं. शेवटी त्याने साधं फॉर्मालिन टोचून पाहिलं, तर त्याने ते बदल आणखी ठळक झाले. शोधाचं स्वप्न मोडलं, पण त्याने ती निरीक्षणं फेकली नाहीत. शरीराला काहीही जाच झाला तरी ते याच तीन खुणा दाखवतं, असं जेमतेम एका पानाचं टिपण त्याने 1936 मध्ये 'नेचर'मध्ये छापलं. थायमस आकसते याचा अर्थ प्रतिकाराच्या पेशी घटतात. ताणाचा आणि प्रतिकारशक्तीचा संबंध तिथे डोळ्यांना दिसला.

गोठ्यात कॉर्टिसॉल मोजायला गेलं की वेगळीच अडचण येते. अनोळखी माणूस सुई घेऊन आला, जनावर खोड्यात घातलं, दोर आवळला, एवढ्याने काही मिनिटांत रक्तातला कॉर्टिसॉल वाढतो. मग आकडा कशाचा धरायचा, रोगाचा की आपल्या भीतीचा? म्हणून संशोधक शेणाकडे वळले. कॉर्टिसॉल यकृतात मोडतो आणि त्याचे अवशेष शेणातून बाहेर पडतात. गाई-म्हशींत त्याला साधारण अर्धा दिवस लागतो. सकाळच्या पोवातून आदल्या दिवसाचा ताण वाचता येतो आणि जनावराला हातही लावावा लागत नाही.

कान गार आणि अंगात आग

जुने मालक थर्मामीटरच्या आधी कानाला आणि शिंगाच्या मुळाला हात लावतात. मानवतकडच्या एका गोठ्यात एक मावशी ठामपणे म्हणाल्या, "डॉक्टर, कान तर बर्फावानी गार हायेत, ताप कशाचा?" थर्मामीटर लावला तर पारा 105 च्या पुढे. मावशींचा हात खोटं सांगत नव्हता आणि पाराही बरोबर होता. ताप चढत असताना असंच होतं.

जिवाणूच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन हे विष रक्तात उतरलं की पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिनसारखे निरोप्ये सोडतात. त्यांच्यामुळे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसजवळ प्रोस्टाग्लँडिन तयार होतं. जागच्या जागी काम करणारा हा हार्मोनसारखा पदार्थ शरीराचं ठरलेलं तापमानच वर सरकवतो. मग ॲड्रिनॅलिनच्या गटातली रसायनं कातडीकडचं रक्त आत वळवतात, म्हणून कान आणि पाय गार पडतात. स्नायू थरथरतात. थायरॉइडचा हार्मोन पेशींना उष्णता निर्माण करायला आधीपासून तयार ठेवत असतो. आत उष्णता वाढते आणि बाहेर जायची वाट बंद होते.

हा ताप उपकारक असतो का, हा प्रश्न मॅथ्यू क्लूगर यांनी अमेरिकेत सरड्यांना विचारला. वाळवंटी इग्वानाचं रक्त थंड, त्याला आतून ताप आणता येत नाही. पण जिवाणू टोचलेल्या इग्वाना आपणहून उबेच्या जागी जाऊन बसल्या आणि अंग दोन अंशांनी तापवून घेतलं. 1975 च्या प्रयोगात त्यांना ठरावीक तापमानांत ठेवलं, तेव्हा 42 सेल्सिअसला बहुतेक जगल्या आणि 34 ला सगळ्या मेल्या. पुढच्या वर्षी त्यांना ॲस्पिरिनच्या जातीचं औषध देऊन पाहिलं. औषध असूनही ज्यांना अंग तापवता आलं त्या वाचल्या, ज्यांना आलं नाही त्या दगावल्या. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन रोखतं, हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवलं होतं. त्या कामाचा सन्मान 1982 च्या नोबेलने झाला.

म्हशीचा हिशोब जरा वेगळा आहे. तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथी गाईच्या मानाने फारच कमी असतात आणि रंग काळा. परभणीच्या उन्हात 107 चा ताप तिला स्वतःहून उतरवता येत नाही. म्हणून तिच्या बाबतीत ताप उतरवण्याचं औषध लागतंच, अंगावर पाणी मारावं लागतं, सावली लागते. पण ते अँटिबायोटिकच्या सोबतीने. एकट्या ताप उतरवण्याला उपचार समजून थांबलं, तर आतला जिवाणू वाढतच राहतो.

औषध निवडण्यामागेही एक कथा आहे. डायक्लोफिनॅक गुरांच्या तापावर आणि सुजेवर सर्रास टोचलं जाई. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत. 2004 मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून हे उघड झालं, तोवर भारतीय उपखंडातली गिधाडं जवळजवळ संपली होती. 2006 मध्ये भारताने गुरांसाठी हे औषध बंद केलं. त्याच्या जागी आलेलं मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे. पशुवैद्यक कोणती बाटली उघडतो, यावर आभाळातल्या पक्ष्यांचंही जगणं अवलंबून असतं.

ताप न आलेल्या मेंढ्या

कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात कॅस्टिंग, व्हील आणि कूपर मेंढ्यांवर तापाचा अभ्यास करत होते. जिवाणूचा अंश टोचला की मेंढीला ताप यायलाच हवा. पण व्यायला टेकलेल्या मेंढ्यांना तो येईना. व्यायल्यानंतर थोड्याच काळात त्याच मेंढ्या पुन्हा नेहमीसारख्या तापू लागल्या. 1978 मध्ये त्यांनी हे 'नेचर'मध्ये मांडलं आणि पुढे कारणही शोधलं. मूत्राचं प्रमाण सांभाळणारा व्हॅसोप्रेसिन नावाचा हार्मोन मेंदूच्या विशिष्ट भागात सोडला की ताप दबतो. व्यायच्या सुमाराला शरीर स्वतःच हा लगाम ओढून धरतं. पोटातल्या पिलाला आईच्या तापाचा त्रास होऊ नये, असा याचा अर्थ लावला जातो.

माझ्या वहीत हा किस्सा ठळक अक्षरांत आहे. पावसाळ्याच्या तोंडावर दिवस भरलेली म्हैस चारा सोडते, रवंथ थांबवते, मालक फोनवर सांगतो की ताप काही नाही. अशा वेळी निर्धास्त राहू नये. व्यायच्या तोंडावरच्या जनावरात साध्या पाऱ्यावर विसंबता येत नाही. श्वास किती चालतोय, डोळ्याची आतली त्वचा कशी दिसते, गळ्याखाली बोट दाबलं तर खड्डा राहतो का, हे जाऊन पाहावं लागतं.

एका सुईचे दोन परिणाम

दाह आटोक्यात ठेवणं हे कॉर्टिसॉलचं नैसर्गिक काम. संसर्ग झाल्यावर पांढऱ्या पेशींचे तेच निरोप्ये मेंदूपर्यंत पोचतात आणि अधिवृक्काला जागं करतात. जाळ पेटवणाऱ्याने आपणच पाण्याची घागर जवळ ठेवावी, तशी ही सोय आहे. ती नसती तर सूज जिवाणूपेक्षा आधी जीव घेती. घटसर्पात तेच होऊ पाहतं. निव्वळ एंडोटॉक्सिन शिरेतून दिलं तरी म्हशीच्या रेडकांत या रोगाची बरीचशी लक्षणं उमटतात. मेलेल्या जनावराचा गळा उघडला तर पिवळसर, चिकट पाण्याने भरलेला दिसतो. तो दाहाचा पुरावा.

म्हणूनच डेक्सामेथाझोन, म्हणजे कॉर्टिसॉलचा कित्येक पट जोरदार भाऊबंद, योग्य वेळी, योग्य हातात जीव वाचवतो. अयोग्य हातात काय होतं, त्याची उदाहरणं आमच्या प्रत्येकाकडे आहेत. पूर्णा तालुक्यात एका गाभण गाईला ताप आला. फटफटीवरून फिरणाऱ्या एका बिनशिक्षणाच्या इसमाने तीन औषधं एकाच सिरिंजमध्ये भरून टोचली. संध्याकाळी पारा खाली आला, गाईने वैरणीत तोंड घातलं, मालकाने समाधानाने पैसे दिले. दोन दिवसांनी आठव्या महिन्याचं वासरू पडलं आणि गाय पुन्हा तापली. सिरिंजमध्ये डेक्सामेथाझोन होतं.

वासरू का पडलं, याचं उत्तर न्यूझीलंडच्या ग्रॅहॅम लिगिन्स यांनी 1960च्या दशकात शोधलं. कळा कधी सुरू व्हाव्यात हे मेंढीत आई ठरवत नाही, पोटातलं कोकरू ठरवतं. त्याच्या अधिवृक्कातून कॉर्टिसॉल वाढला की वार आपले हार्मोन बदलते आणि प्रसूती सुरू होते. गाईतही साधारण हीच रीत आहे. शेवटच्या महिन्यांत बाहेरून डेक्सामेथाझोनसारखं स्टेरॉइड दिलं तर शरीर तोच निरोप वाचतं. लिगिन्स यांच्या गोठ्यात असंच वेळेआधी जन्मलेलं एक कोकरू सकाळी श्वास घेताना सापडलं. त्या वयाचं फुप्फुस उघडायलाच नको होतं. त्या एका कोकरावरून त्यांनी ओळखलं की स्टेरॉइडने फुप्फुस लवकर पिकतं. 1972 मध्ये त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी मुदतपूर्व बाळंतपणाच्या उंबरठ्यावरच्या स्त्रियांवरची चाचणी प्रसिद्ध केली. आज जगभर अशा मातांना जे इंजेक्शन देतात, त्याची सुरुवात गोठ्यात झाली.

वेळेचं हेच महत्त्व माणसांनी कोरोनात अनुभवलं. जून 2020 मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने सांगितलं की रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथाझोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही त्यांना मात्र फायदा नाही. पहिला अर्धा भाग सगळ्यांनी ऐकला. 2021 च्या दुसऱ्या लाटेत पहिल्याच दिवशी स्टेरॉइड घेणारे, साखर वाढलेले आणि मग म्युकरमायकोसिसने डोळा गमावलेले रुग्ण महाराष्ट्राने पाहिले. हार्मोन तोच, मात्राही कदाचित तीच. वेळ चुकली.

अंग गार पडतं तेव्हा

सगळ्यात फसवी रात्र असते ती पारा खाली आल्याची. आदल्या दिवशी 106 असलेली म्हैस 99 वर आली की घरात सुटकेचा श्वास टाकला जातो. पण तिने चारा मागितला का, रवंथ सुरू झाला का, उठून उभी राहिली का? यांतलं काहीच नसेल तर ही उतरती कळा आहे. एंडोटॉक्सिनच्या धक्क्यात रक्तदाब कोसळतो, अधिवृक्क आणि थायरॉइडची साथ अपुरी पडते आणि शरीराला उष्णता टिकवता येत नाही.

नुकत्याच व्यायलेल्या गाईत हा गोंधळ आणखी वाढतो. दुधावाटे कॅल्शियम झपाट्याने निघून जातं, पॅराथायरॉइडच्या हार्मोनला हाडांतून ते सोडवायला वेळ लागतो आणि गाय मान कुशीला टाकून, गार कानांनी पडून राहते. अशा गाईला शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिलं की ती ढेकर देते, शेण टाकते आणि बाटली संपायच्या सुमारास उठून उभी राहते. बघणाऱ्यांना तो चमत्कार वाटतो. पण कासेच्या किंवा गर्भाशयाच्या तीव्र संसर्गाने गार पडलेली गाय दिसायला अगदी अशीच असते, आणि तिला घाईने कॅल्शियम सोडलं तर हृदय थांबू शकतं. म्हणून बाटली लावण्याआधी आम्ही चारही सडांची धार तळहातावर काढून पाहतो आणि एक हात बाटलीवर, दुसरा हात छातीवरच्या स्टेथोस्कोपवर ठेवतो. शेजारी उभ्या माणसाला वाटतं डॉक्टर वेळ काढतोय. त्या पाच मिनिटांत दोन रोगांतला फरक ओळखायचा असतो.

मालकांना एवढंच सांगणं

घटसर्पाची लस मे महिन्यात, पावसाच्या किमान तीन आठवडे आधी टोचून घ्या. प्रतिकारशक्ती तयार व्हायला तेवढा काळ लागतो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात ही लस मिळते. पेरणीआधी बैलाला खुराक द्या आणि कामाची सवय हळूहळू लावा. पहिल्या पावसात गुरांच्या पाठीवर छप्पर आणि पायाखाली कोरडी जमीन राहू द्या. बाजारातून आणलेलं जनावर दोन-तीन आठवडे वेगळं बांधा. लस सोडली तर यांतली बहुतेक कॉर्टिसॉल खाली ठेवण्याचीच औषधं आहेत आणि त्यांना सुई लागत नाही.

जनावर आजारी पडलं तर डॉक्टरला पहिल्यांदा सांगा की ते गाभण आहे का आणि कितव्या महिन्यात आहे. आधी कोणी काय टोचलं, ती रिकामी बाटली जपून ठेवा आणि दाखवा. ताप उतरला की बरं झालं असं समजू नका, रवंथ सुरू झाला की समजा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा आणि गळ्याला सूज दिसताच, रात्र असली तरी, सकाळची वाट न पाहता फोन करा. घटसर्पात जनावर वाचतं ते पहिल्या काही तासांतच.